नाक्यावर अडवून घ्यायला गेलो त्याची हकीकत

नाका कुठलाही असो, तिथं दोन माणसं भेटतात. एक सरकारचा, खिडकीच्या आत बसलेला. दुसरा खिडकीच्या अलीकडं झाडाखाली उभा, "द्या मालक इकडं कागद, मी करून आणतो" म्हणणारा. आतला तुम्हाला रखडवतो, पण लुटतो तो अलीकडचा. कोल्हापूरचा गूळ ट्रकनं मुंबईला पोचवण्यात माझी उमर गेली. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण जकात नाक्यांवर झालं, आणि तिथं मी कधी नापास झालो नाही.

हे आधीच सांगतो, कारण आमच्या आळीतली पोरं आता परदेशी निघालीत, आणि त्यांचे आईबाप मला गाठून विचारतात, "आबा, तुम्ही म्हणे कॅनडातनं अमेरिकेच्या हद्दीवर जाऊन आला. खरं सांगा, किती द्यावे लागले?" तोंडी सांगितलं तर कुणाला पटत नाही. म्हणून लिहून काढलं.

केंब्रिज

माझी लेक सुनंदा आणि जावई शिरीषराव कॅनडात केंब्रिज नावाच्या गावी राहतात. तिथं मोटारींचा मोठा कारखाना आहे, आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत शिरीषराव नोकरीला. दोन हजार आठच्या दिवाळीनंतर त्यांनी मला तिकीट पाठवलं. आमची मंडळी गुडघ्यांमुळं आली नाही, मी एकटाच गेलो.

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा वळणाचा मी माणूस. पण तिथं हॉटेलात राहायचं म्हटलं तर सुनी रडायला लागली. मग मी आपला तोडगा काढला. सकाळी उठून दारातला बर्फ मी फावड्यानं ओढायचा. शिरीषराव पळत बाहेर यायचे, "मामा, राहू द्या हो, लोक काय म्हणतील?" मी म्हणायचो, "लोक म्हणतील म्हातारा फुकट खात नाही." तिथली घरं एकसारखी, झोपी गेल्यासारखी. कोण आत आहे, कोण बाहेर, काही पत्ता लागत नाही. महिनाभर समोरच्या घरावर नजर ठेवली, तेव्हा कुठं कळलं की तिथं एक बाई राहते. तिला काय वाटलं असेल देव जाणे.

मार्च लागला आणि घरात कुजबूज सुरू झाली. मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचो. शेवटी सुनीनंच सांगितलं.

हे दोघं तिथं वर्क परमिटवर होते. परमिट त्या एका कंपनीपुरतं. मोटारींचा धंदा बसलेला, दर शुक्रवारी कुणाला तरी घरी पाठवत होते. शिरीषरावांची पाळी आली की नोकरीही गेली आणि परमिटही गेलं. कायमचं राहायला त्यांनी अप्लाय केलं होतं आणि मंजुरीचा कागद हाती आलाही होता. पण नुसत्या कागदानं भागत नाही. सरहद्दीवरच्या अंमलदाराची त्यावर सही घ्यायची, तेव्हा माणूस पक्का होतो. त्याला ते 'लँडिंग' म्हणतात. त्या कागदाची मुदत महिनाअखेरची.

"मग जा की सही घेऊन या," मी म्हटलं.

"आबा, आपण आधीच आत आहोत ना. एकदा देशाबाहेर जाऊन परत आत यायला पाहिजे."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"अमेरिकेत. पण आपल्याकडं अमेरिकेचा व्हिसा नाही. त्यांच्या दारात जायचं, ते नाही म्हणतात, तशी एक चिठ्ठी देतात. ती घेऊन परत यायचं. ते चालतं."

मला पहिल्यांदा वाटलं, पोरांना कुणीतरी गंडवलंय. शेजारच्याच्या दारात जायचं, त्यानं हाकलायचं, आणि हाकलल्याची चिठ्ठी घेऊन आपल्याच दारात पाहुणा म्हणून उभं राहायचं! पण ओळखीच्या सगळ्यांनी तसंच केलेलं.

मिठाईच्या दुकानावर

कंपनीतल्या कुणीतरी शिरीषरावांना टोरोंटोकडच्या एका सल्लागाराचं नाव दिलं होतं. "मामा, तो सगळं करून देतो. गाडी त्याची, ऑफिसरशी बोलणं त्याचं. आपण नुसतं बसायचं. उगाच रिस्क कशाला?" शिरीषराव हुशार. यंत्रात केसाएवढा फरक पडला तर त्यांना नुसत्या आवाजावरून कळतो. पण गणवेशातला माणूस दिसला की त्यांच्या घशाला कोरड पडते. मी म्हटलं, "चला, मी पण येतो. बघू तरी."

मिठाईच्या दुकानावर त्याची कचेरी. माणूस आपल्याकडचाच, गोड. "अंकलजी, चाय लेंगे?" मी नको म्हटलं. चहा घेतला की घासाघीस करताना जीभ जड होते.

त्यानं आपली फी सांगितली. ती ऐकून सुनीनं नवऱ्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, बॉर्डर फी वेगळी. मी विचारलं, "उसका पावती मिलेगा?"

तो हसला. "अंकलजी, ये इंडिया थोड़ी है."

इंडियात सुद्धा जकातीची पावती मिळते! मी मनात म्हटलं, हा खिडकीच्या अलीकडचा. पण अजून खात्री नव्हती. ती त्याच्या पुढच्या वाक्यानं झाली. "ओरिजिनल सब यहीं छोड़ जाइए. फाइल बनानी है. और अपने आप मत जाना, अपने आप जाने वालों को वो रिजेक्ट कर देते हैं."

गाडीवर असताना माझा एकच कायदा होता. कागद हातातनं सुटला की माणूस अडकला. मालाची बिल्टी असो, लायसन असो, साहेबाला दाखवायचं, पण दुसरं टोक आपल्या बोटात ठेवायचं. टेबलावरची कागदांची प्लास्टिकची पिशवी मी उचलली, बंडीच्या आत सारली आणि उठलो.

"आबा!" सुनी म्हणाली.

जिन्यात शिरीषराव थांबले. ते मला कधी उलट शब्द बोलले नव्हते. हळूच म्हणाले, "मामा, खरंच रिजेक्ट झालं तर?"

"झालं तर माझ्यावर," मी म्हणालो. म्हणायला काय लागतं! गाडीत बसल्यावर कळलं, की माझ्यावर येऊन येऊन येणार काय? मी आपला विमानात बसून कऱ्हाडला माझ्या घरी परत जाणार. संसार त्यांचा उठणार होता.

नायगारा

शिरीषरावांनी सुट्टी काढली आणि आम्ही निघालो. मीही पुलापलीकडं जाणार हे कुणाला पसंत नव्हतं. "तुम्ही अलीकडं कॉफी पीत बसा," सुनी म्हणाली. माझ्या पाहुण्याच्या व्हिसावर परत आत येता येईल का हे शिरीषरावांनी कॉम्प्युटरवर तीनतीनदा बघितलं. मुदतीच्या आत अमेरिकेहून आलं तर येता येतं म्हणे. मग मी कशाला ऐकतोय. पोरीला एकटीला कुठल्या नाक्यावर सोडलं नाही, आणि कागद माझ्याच बंडीत होते.

वाटेत द्राक्षांचे मळे लागले, नुसत्या काड्या आणि मधे बर्फ. आपल्या तासगावकडच्या माणसानं बघितलं तर बाग मेली म्हणेल. शिरीषराव म्हणाले, उन्हाळ्यात पुन्हा फुटते. असेल.

कॉफीच्या दुकानात फळ्यावर एक भाव आणि गल्ल्यावर दुसरा. मी गल्ल्यावरच्या पोरीशी हुज्जत घालणार होतो, सुनीनं दंड धरला. "आबा, टॅक्स वरनं लावतात इथं." मग फळ्यावर आधीच लिहायला यांचा हात मोडतो काय? धबधब्याजवळ गाडी लावायचा दर बघून मी गाडी मागं फिरवायला लावली आणि पार लांब, एका निवांत रस्त्यावर लावून घेतली. तंगडतोड झाली, पण कुणाला दमडी दिली नाही.

आता धबधबा. गोकाकचा धबधबा मी भर पावसाळ्यात पाहिलाय, तो आधी कानात शिरतो. हा आधी धूर दाखवतो. वाटलं कुठं ऊस जळतोय. जवळ गेलो तर कडेचं पाणी गोठून लोंबत होतं आणि मधलं हिरवंगार पाणी खाली उडी टाकत होतं. अर्धा धबधबा थांबलेला आणि अर्धा चाललेला. असलं काही मी पाहिलं नव्हतं. कठड्यापाशी तोंडावर तुषार आले आणि मिशीवरच गोठले. सुनी हसली. त्या दिवसात ती तेवढीच हसली.

तिनं दशम्या केल्या होत्या, दुधात मळलेल्या, वर लसणाची चटणी. पण अमेरिकेच्या दारात खाण्याचं काही नेलं तर भानगड होते म्हणून डबा गाडीतच ठेवला. "परत येऊन खाऊ, काम झाल्यावर," ती म्हणाली.

शिरीषराव गाडी घेऊनच पुलावर जायचं म्हणत होते. मी अडवलं. नाक्यावर अडते ती गाडी. डिकी उघड, टायर दाखव, ह्याची फी, त्याचा दंड. चालत्या माणसाला कोण विचारतो? आमचा क्लीनर नाक्याच्या अलीकडं उतरून शीळ घालत पलीकडं जायचा, त्याला कधी कुणी हटकलं नाही. "आपण पायी जायचं," मी म्हटलं. "आणि विचारतील तेवढंच सांगायचं. शब्द जास्त नाही." शिरीषरावांनी मान हलवली. जावयानं सासऱ्याचं ऐकावं, पण इतकं ऐकू नये, हे आता म्हणतो.

पुलावर

पुलाच्या तोंडाशी एक फिरतं फाटक. नाणी टाकली की फिरतं, माणूस पलीकडं. देश सोडून जायचे पैसे, आणि तेही यंत्राला! पावती नाही. मी यंत्राला चहूबाजूंनी बघून घेतलं, कुणी मागं बसून नाणी गोळा करतोय का. मागनं लोक खोळंबले.

पुलावर वारा असा की धोतर नेसलं असतं तर अमेरिकेत एकटं धोतरच पोचलं असतं. मधोमध पाटी आणि झेंडे, अलीकडं एक देश, पलीकडं दुसरा. पाणी मात्र एकच. हद्द ओलांडताना पायाला काही वेगळं वाटेल म्हणून मी हळू टाकला पाय. काही नाही.

अमेरिकेच्या कचेरीत एक उंचापुरा अंमलदार. पासपोर्ट मागितले. त्या दोघांनी दिले. मी माझा पुढं केला, त्यानं धरला, पण माझी बोटं काही सुटेनात. मी मुद्दाम नाही केलं, हात तसाच तयार झालेला.

"आबा, द्या. इथं सगळ्यांचेच आत नेतात."

"पावती देतो का विचार."

शिरीषराव लाल झाले. सुनीनं विचारलं. अंमलदारानं माझ्याकडं बघितलं, मग तिला काहीतरी म्हणाला.

"म्हणतोय, माझ्या हातानं परत देईन."

मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला आणि सोडला.

बाकावर बसलो. शेजारी एक सरदारजी, साठीकडं झुकलेला, जाड कोट, पायात ड्रायव्हर घालतात तसले बूट. बूट बघून मी जरा सैल झालो, तर त्यानं तोंड उघडलं. "बाऊजी, लैंडिंग? पहली बार? पेपर कौन से लाए हो, दिखाओ ज़रा."

झालं! नाका आला आणि झाडाखालचा माणूस हजर. मी बंडीवर हात ठेवला.

"देखो," तो शिरीषरावांकडं वाकला, "वापसी में ध्यान रखना. पैदल वालों को वो झट से..."

"हमको कुछ नहीं करना," मी मधेच तोडलं. "आप आपका देखो."

राग नाही आला त्याला, नुसतं हसून मिशीवर हात फिरवला. त्याचा मला जास्तच संशय आला. रागावत नाही तो धंदेवाला.

बऱ्याच वेळानं तोच उंच अंमलदार बाहेर आला, त्याच हातानं पासपोर्ट परत केले, वर हाकलल्याची चिठ्ठी. मी सगळं बंडीत टाकलं. नुसते पासपोर्ट वर ठेवले. चिठ्ठी आत, लँडिंगचे कागद आत. विचारतील तेवढंच दाखवायचं!

पूल उलटा चाललो. कॅनडाच्या खिडकीत एक तरुण पोरगा, नाक शिंकरत होता. पासपोर्ट बघितले, त्यातलं वर्क परमिट बघितलं, विचारलं कुठं गेला होता, काही खरेदी केली का. शिरीषरावांनी विचारलं तेवढंच सांगितलं. त्यानं माझा शिक्का बघितला, माझं तोंड बघितलं आणि हात हलवला. जा.

दार ढकललं आणि आम्ही रस्त्यावर. मी शिरीषरावांच्या पाठीवर थाप मारली. "बघा! कुणी अडवलं? दमडी तरी गेली?"

ते हलले नाहीत. चेहरा पांढरा. "मामा, लँडिंग कुठं झालं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आख्खी उमर नाक्यावरनं न अडता सुटण्यात घातली, आणि आज आम्ही अडवून घ्यायला आलो होतो. मी त्यांना इतकं सफाईनं सोडवून आणलं होतं की सही करणाऱ्याची आणि त्यांची गाठच पडली नाही.

मागं फिरून दार ओढलं. आतल्या रखवालदारानं काचेतनं बोट हलवलं. इथनं फक्त बाहेर. सुनी रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी मी गाडीवर निघालो की ती अशीच उभी राहायची, ओठ मिटून.

"माझ्याकडं नाणी आहेत," मी म्हटलं आणि फाटकाकडं चालू लागलो.

दुसऱ्यांदा वारा तोच, पण पूल लांब झाला होता. मनात एकच. परत त्या अमेरिकन साहेबापुढं उभं राहायचं, आणि त्यानं विचारलं की आत्ताच हाकललं होतं, पुन्हा कशाला आलात, तर? चोर समजला तर? झेंड्यांच्या जवळ आलो आणि समोरनं तोच सरदारजी, खिशात हात घालून चाललेला.

"ओ बाऊजी! उल्टे कहाँ चले?"

शिरीषराव माझ्याकडं बघायला लागले. सुनी खाली पाण्याकडं. बोलायचं मलाच होतं. गाडीचं टायर बदलायलासुद्धा मी कधी वाटेवरच्या माणसाला हात दाखवला नव्हता.

"सरदारजी," मी म्हटलं, "हमारा चुक्या. उसने सोड दिया."

"बाहर छोड़ दिया?" तो मोठ्यांदा हसला, इतका की माझं टाळकं सणकलं. "वही तो बता रहा था, यार! पिछली बार मैं भी ऐसे ही निकल गया था बाहर. पैदल वालों को वो घुमक्कड़ समझता है. पहली खिड़की पे खड़े होकर ज़ोर से बोलना पड़ता है. चिट्ठी है ना? तो वापस मुड़ो, यहीं से. आओ मेरे साथ."

"हितनंच?" माझ्या तोंडातनं मराठी निघालं.

"यहीं से, बाऊजी. चिट्ठी है तो उधर दोबारा क्या जाना."

तो पुढं, आम्ही मागं. चालताना कळलं की तो पण ट्रकवाला, हायवेवर माल ओढतो, परमिट नवं करून घ्यायला आलेला. मी विचार करत होतो, हा आता किती मागेल. कामाच्या आधी ठरवलेलं बरं असतं, पण विचारायला तोंड नव्हतं.

खिडकीत तोच नाक शिंकरणारा पोरगा. आम्हाला बघून भुवया चढल्या. सरदारजीनं मला कोपरानं ढोसलं. "पेपर निकालो. सारे."

मी बंडीत हात घातला आणि सगळी पिशवी त्या फळीवर ठेवली. दुसरं टोक धरलं नाही. शिरीषरावांनी घसा खाकरला, आणि त्यांच्या त्या कोरड्या घशातनं आवाज निघाला तो अख्ख्या खोलीला ऐकू गेला. "लँडिंग! वुई आर हिअर फॉर लँडिंग!"

पोरगा म्हणाला, मग मघाशी का नाही सांगितलं? आणि डावीकडचं दार दाखवलं.

आत एक पिकल्या केसांची बाई अंमलदार. तिनं कागद वाचले, प्रश्न विचारले, सह्या घेतल्या, आपली केली. जेवढी फी भरायची ती पोरांनी अर्जासोबत केव्हाच भरलेली. तिथं कुणी काही मागितलं नाही. मी शेवटपर्यंत वाट बघत होतो, आता मागेल, आता मागेल. तिनं उठून शिरीषरावांशी आणि सुनीशी हात मिळवला आणि वेलकम म्हणाली. सुनी तिथंच रडली. मग बाईनं मलाही हात पुढं केला. मी घेतला. माझा काही संबंध नव्हता, पण घेतला.

डबा

बाहेर आलो तर सरदारजी फाटकापाशी उभा. त्याचंही काम झालं होतं. मी त्याला बाजूला घेतलं. "कितना हुआ?"

त्याच्या कपाळावर आठी आली. सकाळपासनं पहिल्यांदाच. "बाऊजी, गाली दे लो, पर ये मत पूछो."

"ऐसा नहीं. हम किसी का फुकट नहीं खाता."

"आबा, असू द्या ना," सुनी म्हणाली.

असू कसं द्यायचं? फुकट केलेलं काम उरावर बसतं. मी त्याची वाट अडवून उभा राहिलो. तो माझ्याकडं बघत राहिला, मग सुनीकडं वळला. "बेटी, घर का कुछ है खाने को? सुबह से कॉफी पे हूँ."

लांबच्या त्या रस्त्यावर, गाडीच्या टपावर सुनीनं डबा उघडला. दशम्या गारठून चिवट झालेल्या. त्यानं चटणी लावून पहिली खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, "कमाल है," म्हणाला, आणि मी स्वतःला चिमटा काढून बघावं तसा त्याच्याकडं बघत होतो. दुसरी उचलली. मग तिसरी. आमच्या वाटणीला जेमतेम एकेक राहिली. डबा पुसून घेतला, रुमालानं मिशी पुसली, हात हलवला आणि गेला. नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

आता आळीतले लोक विचारतात, आबा, खरं सांगा, किती दिले? नक्की कुणीतरी आतला गाठला असणार, त्याशिवाय होत नाही. मी सांगतो, खिडकीपाशी थांबा, कागद फळीवर ठेवा आणि ओरडून सांगा की आम्हाला अडवा. ते एकमेकांकडं बघून हसतात. म्हातारा आकडा लपवतोय म्हणतात.

मी काही लपवत नाही. एका परक्या माणसानं आमचं काम केलं आणि त्याचे पैसे म्हणून पोरीच्या हातच्या दशम्या घेतल्या, भरपूर घेतल्या. भाव रास्त होता. त्यानं चौथीसुद्धा मागितली असती तर मी माझी दिली असती.